इलोइलो शहरात मित्रमंडळींसह खाद्यसफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सहा जण निव्वळ खाण्यासाठी म्हणून फिलिपाइन्समधील इलोइलो या शहरी पाच दिवस राहून आलो. आमच्यात एक कोल्हापूरकर, एक पूर्ण शाकाहारी मैत्रीण, गोमांस वर्ज्य असणारे दोघे आणि समोर येईल ते खाणारे दोघे अशी मंडळी होती. परत आल्यापासून ओळखीचे आणि अनोळखी लोक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

खाण्यासाठीच जायचे, तर मनिला किंवा सेबू सोडून इलोइलो का?

युनेस्कोने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत इलोइलोला पाककलेचे शहर म्हणून स्थान दिले आणि हा मान मिळवणारे ते फिलिपाइन्समधील पहिले शहर ठरले. मात्र आमच्या दृष्टीने खरे कारण शहराच्या रचनेत आहे. आजचे इलोइलो हे जुन्या, एकेकाळी स्वतंत्र असलेल्या गावांचे मिळून झालेले शहर आहे आणि ला पाझ, मोलो, हारो, आरेव्हालो या प्रत्येक भागाने आपापला पदार्थ किंवा आपापली खासियत जपलेली आहे. ला पाझचे बात्चोय, मोलोचे पान्सित, हारोचे बिस्किटांचे प्रकार आणि आरेव्हालोच्या किनाऱ्यावरची मासळी ही चारही ठिकाणे एकमेकांपासून जीपनी या सार्वजनिक वाहनाने थोड्याच अंतरावर आहेत. साडेचार लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या शहरात मनिलासारखे तासन् तास रहदारीत अडकावे लागत नाही. खाद्यसफरीत भूक आणि वेळ या दोन्ही गोष्टी मोजक्याच असतात, त्यामुळे हा मुद्दा वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे.

या चवींमागे इतिहासही आहे. येथील बंदर १८५५ मध्ये परदेशी व्यापारासाठी खुले झाले, साखरेच्या व्यापारावर श्रीमंत घराणी उभी राहिली आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत स्पॅनिश भट्टीची बिस्किटे, चिनी वस्तीतील सूप आणि विसायन, म्हणजे मध्य फिलिपाइन्सच्या विसाया बेटांवरील, खेड्यांतील साधे सार शेजारी शेजारी शिजू लागले.

पोहोचावे कसे आणि व्हिसाचे काय?

भारतीय पर्यटकांना जून २०२५ पासून चौदा दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसाविना प्रवेश मिळू लागला आहे; परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट दाखवावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी दूतावासाच्या सूचना वाचून घ्याव्यात. मनिलाहून इलोइलोला विमानाने सव्वा तास लागतो. विमानतळ शहराबाहेर, सुमारे १९ किलोमीटरवर आहे.

गटात किती जण असावेत?

चार ते सहा. येथील बहुतेक हॉटेलांत ताटे माणशी नसून भांडी वाटून घेण्याच्या हिशेबाने येतात आणि दोघेच असाल तर दोन पदार्थांतच पोट भरते. आठ-दहा जण झाले, तर बाजारातल्या बाकावर एकत्र बसायला जागा मिळत नाही आणि अर्धी मंडळी उभी राहून दुसऱ्यांच्या वाटीत डोकावत बसतात.

बात्चोय म्हणजे नेमके काय? ते कोठे खावे?

बात्चोय हे पिवळसर, जाडसर गव्हाच्या शेवयांचे सूप आहे. त्यात हाडांचे तासन् तास उकळलेले सार, डुकराच्या मांसाचे आणि काळजाचे काप, चुरडलेले चिचारोन म्हणजे डुकराच्या कातडीची कुरकुरीत तळण, तळलेला लसूण आणि कांद्याची पात असते. वरून कच्चे अंडे फोडून घालतात किंवा नळीतला मगज ठेवतात. हा पदार्थ ला पाझच्या सार्वजनिक बाजारात जन्मला, याविषयी शहरात दुमत नाही. पहिले श्रेय कोणाचे, यावर मात्र घराघरांत वेगवेगळी उत्तरे मिळतात. १९३८ साली त्या बाजारात फेदेरिको गियेर्गान यांनी ते प्रथम केले, ही सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकिकत आहे. तेओदोरो लेपुरा यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या दुकानातून पुढे 'टेड्स ओल्डटायमर' ही शाखांची साखळी उभी राहिली. 'नेतोंग्ज' आणि 'डेकोज' ही नावेही आपल्याला वारंवार ऐकू येतील.

आमचा सल्ला असा की पहिली वाटी बाजाराच्या आतच खावी, कारण ती तयार होताना पाहणे हा निम्मा आनंद आहे. सकाळी सात वाजता आम्ही ज्या गाळ्यासमोर बसलो, तेथील बाईंनी शेवयांची मूठ लांब दांड्याच्या गाळणीत टाकली, ती उकळत्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून मनगटाच्या एका झटक्याने निथळली आणि वाटीत पालथी केली. त्यावर मांसाचे काप जेमतेम मांडून होतात न होतात, तोच सार ओतले, चिमटीने लसूण पेरला, चिचारोनचा चुरा टाकला आणि वाटी आमच्या पुढ्यात सरकवली. या सगळ्याला एक मिनिटही लागले नाही. चुरा बुडण्याआधी चार घास खाऊन घ्यावेत, कारण त्यानंतर तो मऊ पडून साराला चिकटपणा देतो. ती चवही चांगली असते, पण वेगळी असते. शेवया संपत आल्या की पुष्कळ ठिकाणी थोडे जास्तीचे सार मागता येते. सोबत पांदेसाल नावाचा मऊ पाव किंवा पुतो हा वाफवलेला तांदळाचा गोडसर केक घेण्याची पद्धत आहे. पुतो पाहून आपल्याला इडली आठवते, परंतु ती अपेक्षा ठेवून खाल्ल्यास निराशा होईल. आमच्या कोल्हापूरकर मित्राने पहिल्या घासानंतर 'पांढऱ्या रश्शात शेवया सोडल्यात, नारळ तेवढा विसरलेत' असा निकाल दिला आणि दुसरी वाटी मागवली.

गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी येथे सावध राहावे. साराची हाडे आणि मगज कित्येकदा गाईबैलांचे असतात, शिवाय काही ठिकाणी गोमांसाचे कापही घालतात. 'बाका' म्हणजे गोमांस आणि 'बाबॉय' म्हणजे डुक्कर हे दोन शब्द लक्षात ठेवले, तर आधी विचारून घेता येते.

पान्सित मोलोमध्ये शेवयाच नाहीत, मग त्याला पान्सित का म्हणतात?

फिलिपाइन्समध्ये पान्सित म्हटले की शेवयांचाच पदार्थ डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे हा प्रश्न तेथील लोकही गमतीने विचारतात. पान्सित हा शब्द हॉकिएन या चिनी बोलीतून आला असून त्याचा मूळ अर्थ झटपट शिजवलेले अन्न असा सांगतात. शेवयांचा अर्थ त्याला नंतर चिकटला. मोलो ही स्पॅनिश काळातील चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तेथील पान्सित म्हणजे पातळ पारीत कोंबडी, डुक्कर किंवा कोळंबीचे सारण भरलेल्या लहान पुरचुंड्या, स्वच्छ सारात सोडलेल्या. मोलोच्या चौकात सेंट ॲन या संतेचे चर्च आहे आणि त्याच्या आतल्या खांबांवर सर्व मूर्ती स्त्री-संतांच्याच आहेत. चर्च पाहून समोरच्या जुन्या वाड्याच्या आवारात बसून गरम वाटी घ्यावी, असा क्रम आम्ही ठेवला होता. ताप आलेल्या माणसालाही मानवेल असे हे हलके खाणे आहे, त्यामुळे ते दोन जड जेवणांच्या मध्ये ठेवावे.

शहरातील एकच पदार्थ खायचा झाला, तर कोणता?

या प्रश्नाला बहुतेक जण बात्चोय हे उत्तर देतील. माझे उत्तर 'काद्योस, बाबॉय, लांगका' हे आहे. स्थानिक लोक या तिन्ही शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्याला के-बी-एल म्हणतात. काद्योस म्हणजे आपली तूर, बाबॉय म्हणजे डुक्कर आणि लांगका म्हणजे फणस. तोही कोवळा, आपण कुयरी म्हणतो तो. तुरीचे दाणे काळपट-जांभळ्या जातीचे आणि अख्खे असतात, त्यामुळे सार राखट जांभळ्या रंगाचे होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते शाईत शिजवल्यासारखे वाटते. त्यात पाण्यात वाढणाऱ्या नाळीच्या किंवा रताळ्याच्या वेलाची पाने घालतात आणि सर्वांत शेवटी आंबटपणासाठी बात्वान.

या बात्वानपाशी मराठी माणसाने थोडे थांबावे. ते सुपारीहून मोठे, हिरवे, गोल फळ असते आणि वनस्पतिशास्त्रानुसार ते गार्सिनिया या प्रजातीतील, म्हणजे आपल्या कोकमाचे सख्खे भावंड आहे. आपण रातांबा पिकू देतो, फोडतो, साली वाळवून आमसुले करतो. इलोइलोत मात्र हिरवे बात्वान ताजेच सारात सोडतात आणि मऊ झाल्यावर डावाने चेचतात. त्यामुळे साराला कोकमाचा लाल रंग येत नाही, पण जिभेच्या कडेला जाणवणारा तो स्वच्छ, चिंचेसारखा न रेंगाळणारा आंबटपणा अगदी ओळखीचा वाटतो. मनिलाकडे सिनिगांग हे आंबट सार चिंचेने करतात. विसायन माणसाला मात्र बात्वानाशिवाय करमत नाही, आणि ते मनिलाच्या बाजारात सहज मिळत नाही म्हणून परगावी राहणारी इलोंगो, म्हणजे इलोइलोकडची, मंडळी गावाहून मागवून घेतात. मालवणातून मुंबईला आमसुलांचे डबे येतात, त्याचीच ही दुसरी आवृत्ती आहे.

बाजारातील एका भाजीवालीने आमच्या हातावर एक बात्वान ठेवले. आमच्यातील मालवणच्या मित्राने नख लावून वास घेतला आणि काही न बोलता ते खिशात टाकले.

हा पदार्थ मोठ्या हॉटेलांपेक्षा दुपारच्या साध्या खानावळींत चांगला मिळतो. अशा खानावळींत पातेली ओळीने मांडलेली असतात, झाकणे उचलून पाहायची आणि बोटाने दाखवायचे. म्हणूनच त्यांना तुरो-तुरो, म्हणजे 'दाखव-दाखव', असे नाव आहे. साडेअकरा ते साडेबारा ही वेळ गाठावी. दोननंतर पातेल्याच्या तळाशी तूरच उरते.

चिकन इनासाल बाकोलोडचे की इलोइलोचे?

हा वाद आपण पाहुण्याने सोडवू नये. निखाऱ्यावर भाजलेले हे कोंबडीचे मांस गवती चहा, कालामान्सी लिंबू, व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवतात आणि भाजताना शेंद्रीच्या बियांचे केशरी तेल वरून लावत राहतात. बाकोलोड शहराचा त्यावरील दावा जगभर मान्य आहे. इलोइलोतील मंडळींचे म्हणणे असे की आमच्याकडे गावठी कोंबडी वापरतात, तिची चव वेगळी. आरेव्हालोच्या किनाऱ्यावरील 'तातोय्ज मानोकान' हे ठिकाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. गावठी कोंबडी चिवट असते, हे खरे. आपल्याकडे गावरान कोंबडी दातांनी ओढून खाणाऱ्यांना त्याचे कौतुकच वाटेल. ज्यांना दोन्ही बाजू तपासायच्या असतील, त्यांना जलद बोटीने बाकोलोडला जाऊन त्याच दिवशी परतता येते.

कालवे आणि शिंपले खाणे सुरक्षित आहे का?

कालवांना तेथे तालाबा म्हणतात आणि ती इलोइलोत इतकी स्वस्त असतात की बादलीभर मागवल्यासारखी रास टेबलावर येते. बहुतेक ठिकाणी ती किंचित वाफवून, तोंड जेमतेम उघडलेल्या स्थितीत देतात आणि सोबत सिनामाक हे मिरच्या मुरवलेले व्हिनेगर असते. दिवाल नावाचे लांबट, पांढरेशुभ्र, पंखासारखे शिंपले मिळाले तर सोडू नयेत. ते नेहमी मिळत नाहीत.

सुरक्षेबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पहिली, नेहमीची अस्वच्छता : जेथे गर्दी आहे आणि माल लवकर संपतो, तेथे खावे, हा आपला नियम तेथेही लागू पडतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. समुद्रात काही सूक्ष्म शैवालांची बेसुमार वाढ झाली की कालवे आणि शिंपले त्यांतील विष शरीरात साठवतात. ही 'लाल भरती' चालू असेल, तर कालवे कितीही शिजवली तरी विष नष्ट होत नाही. फिलिपाइन्सचे मत्स्य व्यवहार कार्यालय कोणत्या खाडीतील शिंपले खाऊ नयेत, याची पत्रके नियमित काढते; निघण्याआधी आणि तेथे पोहोचल्यावर ती पाहून घ्यावीत. मासे, कोळंबी आणि खेकडे त्या काळातही ताजे, नीट धुऊन, आतडी काढून शिजवलेले असतील, तर खाण्यास हरकत नसते. शंका असेल तर शिंपले सोडावेत आणि भाजलेला मासा मागवावा.

गटात शाकाहारी व्यक्ती असेल, तर तिची काय व्यवस्था होते?

प्रामाणिक उत्तर असे, की अवघड होते, पण उपासमार होत नाही. अडचण भाज्यांच्या अभावाची नाही, कारण बाजार भाज्यांनी भरलेला असतो आणि लाल भोपळा, भेंडी, चवळीच्या शेंगा, वांगी, शेवग्याची पाने, केळीचा गाभा, अळूचे कोंब, बांबूचे कोंब हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. अडचण ही आहे की या भाज्यांना चव आणण्यासाठी कोळंबी, सुकी मासळी किंवा गिनामोस हा आंबवलेला जवळा घालतातच, आणि तो घालणाऱ्याच्या दृष्टीने ते मांस नसते, मीठ-मसाल्यासारखी चवीची बाब असते.

हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळले. रस्त्याकडेच्या एका छोट्या खानावळीत मुगाचे पातेले दिसल्याबरोबर आमची शाकाहारी मैत्रीण हरखली. आम्ही इंग्रजीत 'यात मांस आहे का' असे विचारले, बाईंनी हसून नाही म्हटले आणि निम्मी वाटी संपल्यावर तळाशी चिचारोनचे तुकडे सापडले. बाई खोटे बोलल्या नव्हत्या. मांसाचे तुकडे त्यात खरोखरच नव्हते. प्रश्न आमचाच चुकला होता. त्यानंतर आम्ही एकेका पदार्थाचे नाव घेऊन विचारू लागलो. 'वाला सांग बाबॉय' म्हणजे डुक्कर नसलेले, 'वाला सांग इस्दा' म्हणजे मासा नसलेले, आणि त्यापुढे कोळंबी, गिनामोस आणि साराचे नाव स्वतंत्रपणे घ्यावे. 'मांसाहार नको' या एका वाक्यावर विसंबू नये.

लास्वा हे साधे भाज्यांचे सार शाकाहारी व्यक्तीला सर्वांत जवळचे. त्यात बहुधा थोडी कोळंबी असते, परंतु दुपारी गर्दी ओसरल्यावर आणि आधी सांगितल्यास पुष्कळ खानावळी ते कोळंबीविना करून देतात. आम्हाला दोन ठिकाणी तसे मिळाले. त्याखेरीज लसूण घातलेला परतलेला भात, तळलेली वांगी, अंड्याला हरकत नसल्यास वांग्याचे ऑम्लेट, केळफुलाचे प्रकार आणि तांदूळ-नारळाची गोड खाणी यांवर दिवस निघतो. केळीच्या किंवा नारळाच्या पानात गुंडाळून वाफवलेले चिकट तांदळाचे पदार्थ बहुधा शाकाहारी असतात. जैन मंडळींसाठी मात्र ही सफर जमवणे कठीण आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन बाजारातून भाजी आणणे हाच त्यावरचा उपाय.

जेवण तिखट असते का?

नसते. इलोंगो चव आंबट, खारट आणि किंचित गोड या तीन दिशांनी जाते. मसाल्याची अपेक्षा ठेवून बसलेल्या माणसाला पहिल्या दोन दिवसांत सगळे सपक वाटू शकते. तिखट वेगळे टेबलावर असते आणि त्याचे नाव सिनामाक. बाटलीत व्हिनेगर, भरपूर बारीक मिरच्या, आले-गलांगल, लसूण आणि मिरी घालून ते मुरवतात. आमचा सल्ला असा की पहिले दोन घास सिनामाकशिवाय खावेत, तिसऱ्यापासून हवे तेवढे घ्यावे. घरून चटणीची डबी नेणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, पण तिसऱ्या दिवशी आमची डबी बॅगेतून बाहेर निघालीच नाही.

हाताने जेवले तर चालते का?

अवश्य चालते. नेहमीची पद्धत उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा अशी आहे, सुरी क्वचितच दिसते. पण हाताने जेवण्यालाही कामायान असे मानाचे नाव आहे आणि इनासालच्या ठिकाणी बहुतेक जण हातानेच जेवतात. हात धुण्याची मोरी शक्यतो भोजनगृहातच असते. मोठ्या गटासाठी केळीची पाने लांब टेबलावर पसरून त्यावर भात, मासे, कोंबडी, आंबा हे सारे एकत्र मांडतात आणि दोन्ही बाजूंनी सर्व जण त्यातूनच हाताने खातात. लष्करातील सहभोजनातून ही पद्धत आल्याचे सांगतात. पान ओळखीचे आणि पंगत ओळखीची, फक्त आपले ताट कोठे संपते आणि शेजाऱ्याचे कोठे सुरू होते, हे ठरलेले नसते. उष्टे-खरकट्याचा संकोच असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

दुकानदारांना आणि वाढणाऱ्यांना काय म्हणून हाक मारावी?

मनिलात कुया म्हणजे दादा आणि आते म्हणजे ताई ही संबोधने चालतात. इलोइलोची भाषा हिलिगायनोन असून तेथे वयाने मोठ्या पुरुषाला 'नोंग' आणि स्त्रीला 'नांग' म्हणतात. लहानांना तोतो आणि इंदाय. जेवण आवडल्यास 'नामित' किंवा 'नामित गिद' म्हणावे. पहिल्या शब्दाचा अर्थ चविष्ट, दुसरा त्याला जोर देतो. किंमत विचारताना 'पिला', आभार मानताना 'सालामात' आणि जीपनीतून उतरायचे असेल तेव्हा 'लुगार लांग' एवढे पुरते.

एक शब्दप्रयोग जपून समजून घ्यावा. कोणी जेवत असताना आपण जवळून गेलो, की ती व्यक्ती 'काओन ता' म्हणते, म्हणजे 'चला, जेवू या'. आपल्याकडे जेवणारा माणूस दारात आलेल्याला 'या जेवायला' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार आहे. हसून सालामात म्हणावे आणि पुढे जावे. तीनदा आग्रह झाला तर मात्र बसावे.

बिल कसे वाटून घ्यावे?

आपल्या टीटीएमएमला तेथे केकेबी म्हणतात. 'कान्या-कान्यांग बायाद', ज्याचे त्याने द्यावे. तरीही सहा जणांचे वेगवेगळे बिल मागणे छोट्या ठिकाणी त्रासदायक ठरते. आम्ही पहिल्या दिवशी प्रत्येकी सारखी रक्कम काढून एकाच्या पाकिटात ठेवली आणि दोन दिवसांत वाद झाला, कारण शाकाहारी मैत्रीण भात-वांग्यावर असताना इतरांच्या कालवांचा खर्च तिच्या डोक्यावर पडत होता. नंतर सार्वजनिक पाकिटातून भात, पाणी, वाहन आणि सर्वांनी वाटून खाल्लेले पदार्थ, आणि बाकी ज्याचे त्याने, असा नियम केला. हा नियम पहिल्याच दिवशी करावा.

मोठ्या हॉटेलांत सेवाशुल्क बिलात लावलेले असू शकते. ते असेल तर वेगळी टीप आवश्यक नाही. बाजारात आणि खानावळीत रोख रक्कम लागते, आणि हजाराची नोट पुढे केली की सुटे शोधण्यासाठी बाई तीन गाळे फिरून येते. वीस, पन्नास आणि शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

साधारण खर्च किती येतो?

२०२५ च्या दराने एका पेसोला साधारण दीड रुपया धरावा. बाजारातील बात्चोयची वाटी शंभर-दीडशे पेसोंच्या घरात आणि तुरो-तुरोतील भातासह जेवण त्याच पट्ट्यात येते. किनाऱ्यावर मासळीचे मोठे जेवण झाले, की हिशेब वजनावर जातो. म्हणून मासा निवडतानाच किलोचा भाव आणि शिजवण्याची मजुरी या दोन्ही गोष्टी विचाराव्यात.

दिवसातून किती वेळा खाल्ले जाते आणि आंब्यासाठी गिमारासला जावे का?

तीन जेवणे आणि मधल्या वेळचे दोन फराळ, ज्यांना मेरिएंदा म्हणतात. दुपारचे मेरिएंदा सोडू नये; जाड, गरम चॉकलेट आणि सोबत भट्टीतले काहीतरी, हा त्यातला सर्वांत उत्तम प्रकार आणि शहरातील काही जुन्या दगडी वाड्यांत तो मिळतो.

गिमारास हे बेट बोटीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये तेथे अवश्य जावे. तेथील आंब्याला आपल्या हापूसप्रमाणेच भौगोलिक मानांकन आहे आणि कीड शिरू नये म्हणून बाहेरचा आंबा बेटावर नेण्यास बंदी आहे. हापूसशी तुलना केल्यावाचून आपल्याला राहवणार नाही, म्हणून सांगतो : रंग फिकट पिवळा, साल पातळ, रेषा नसल्यासारख्या, गोडी अधिक आणि हापूसचा तो घरभर पसरणारा वास मात्र नाही. हवा खराब असेल तर बेत रद्द करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये याच सामुद्रधुनीत अचानक आलेल्या वाऱ्यात तीन बोटी उलटून अनेक प्रवासी दगावले होते.

कोणत्या महिन्यात जावे?

डिसेंबर ते मे हा तुलनेने कोरडा काळ. जानेवारीच्या चौथ्या रविवारी दिनाग्यांग उत्सव असतो आणि तेव्हा शहर पाहण्यासारखे असते, पण खाण्यासारखे नसते. बसायला जागा मिळत नाही. पवित्र आठवड्यात, विशेषतः गुड फ्रायडेला, पुष्कळ दुकाने बंद असतात.

परतताना काय आणावे?

बिस्कोचो म्हणजे लोणी-साखर लावून कडक भाजलेला पाव, बार्कियोस म्हणजे कागदासारख्या पातळ बिस्किटांच्या गुंडाळ्या, आणि सिनामाकची एक बाटली. चिचारोन आणू नये आणि ताजे बात्वानही नाही. मांसाच्या पदार्थांवर आणि ताज्या फळांवर विमानतळावर निर्बंध आहेत. आमच्या मालवणच्या मित्राच्या खिशातले बात्वान मनिलाच्या विमानतळावरील कचरापेटीत गेले. सिनामाक सामानाच्या मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून ठेवावे. बार्कियोस मात्र हातातच घ्यावेत, कारण मोठ्या बॅगेत ठेवलेल्या आमच्या चार डब्यांचा घरी पोहोचेपर्यंत चुरा झाला होता आणि तो आम्ही दुधात घालून खाल्ला.